'आंतरराष्ट्रीय' म्हणजे नक्की किती लांब?

रविवारी सकाळी खडवली स्टेशनात उतरणारी गर्दी भातसा नदीत डुंबायला आलेली असते. आम्ही खडवलीकर त्या दिवशी शक्यतो घराबाहेर पडत नाही. तर मंडळी, अशाच एका रविवारी माझी मावसबहीण डोंबिवलीहून आली. नदीसाठी नाही, माझ्यासाठी. काखेत लॅपटॉप आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"अरे, माझा पेपर इंटरनॅशनल जर्नलने घेतला!"

ताई एका कॉलेजात इतिहास शिकवते. गेली चार वर्षं सुट्टीच्या दिवशी ठाणे जिल्ह्यातल्या गावागावांत फिरून तिने वीरगळांची मोजमापं घेतलीत. देवळामागे पडलेले, शेताच्या बांधावर उभे असलेले, कुणी धुणं धुवायला वापरलेले असे सगळे दगड. तो पेपर तिने शुक्रवारी पाठवला आणि दुसऱ्याच दिवशी स्वीकारल्याची मेल आली. आता फक्त फी भरायची होती आणि पेमेंटचं पान उघडत नव्हतं. "बघ ना जरा, तू कॉम्प्युटरवाला ना!"

नातेवाईकांत आपली किंमत ही एवढीच. प्रिंटर, वायफाय आणि न उघडणारी पानं. :)

पान का उघडत नाही ते बघताना सवयीने डोमेनची नोंद तपासली. जर्नल म्हणतंय 'आमचं पंधरावं वर्ष' आणि डोमेन सात महिन्यांपूर्वी घेतलेलं. संपादक मंडळातल्या एका अमेरिकन प्राध्यापकांचा फोटो उलटा शोधला, तर तेच गृहस्थ एका दंतवैद्याच्या जाहिरातीत हसताना सापडले. पत्ता म्हणजे फ्लॅट नंबर, पण इमारतीचं नावच नाही. नाव मात्र भारदस्त. 'इंटरनॅशनल'ने सुरू होणारं.

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ते सगळं खरं रे. पण बढतीचं काय? आणि हे जर खोटं, तर खरं आंतरराष्ट्रीय कशाला म्हणायचं ते तरी सांग."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्यासाठी पुढचे चार वीकांत खर्ची पडले. हा लेख म्हणजे त्याचा हिशेब.

आधी रोग किती पसरलाय ते बघू. २०१८ साली पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी 'करंट सायन्स'मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून घुसलेली १००९ जर्नलं त्यांनी तपासली. त्यातली ३४.५ टक्के तर पत्ता, वेबसाइट, संपादकांची नावं असल्या प्राथमिक चाचणीतच बाद झाली. पुढच्या चाळण्या धरून ८८ टक्क्यांहून जास्त जर्नलं दर्जाहीन असावीत, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी यूजीसीने यादीतून ४३०५ जर्नलं काढून टाकली. म्हणजे ताई काही एकटी नाही. चांगली शिकलेली, कष्टाळू माणसं ह्या जाळ्यात अडकतात, कारण वरून मागणीच 'आंतरराष्ट्रीय' ह्या शब्दाची असते. शब्द मागितला की शब्द छापून देणारे मिळणारच.

मग खरं काय? ह्याचं उत्तर शोधताना मी पोचलो दीडशे वर्षं मागे, थेट भायखळ्याला.

जानेवारी १८७२. मुंबईत 'इंडियन अँटिक्वरी' नावाचं मासिक सुरू झालं. संपादक जेम्स बर्जेस, मूळचा स्कॉटलंडचा, इथे शिक्षक म्हणून आलेला. छपाई भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात. विषय पुरातत्त्व, इतिहास, भाषा, साहित्य, धर्म, लोककथा. नावात 'इंडियन' आहे, 'इंटरनॅशनल' औषधालाही नाही.

काळ कसा होता बघा. १८६९ च्या शेवटी सुएझचा कालवा खुला झाला. १८७० मध्ये मुंबई ते कलकत्ता रेल्वेमार्ग जबलपूरमार्गे जोडला गेला. आता गंमत सांगतो. हा मार्ग म्हणजे आमचाच! कल्याणच्या पुढे वासिंदपर्यंत रूळ १८५५ मध्येच आले होते, थळघाट चढून इगतपुरीला गाडी १८६५ मध्ये पोचली. म्हणजे बनारसच्या किंवा कलकत्त्याच्या एखाद्या पंडिताला रेल्वेच्या टपालाने गेलेला 'अँटिक्वरी'चा अंक आमच्या खडवलीवरूनच धडधडत गेला असणार. सकाळी ६ वाजता मला झोपेतून उठवणाऱ्या मेल गाड्यांबद्दल तेव्हापासून मी जरा आदराने विचार करतो.

पण रेल्वे आणि बोटी सगळ्यांनाच होत्या. बर्जेसने वेगळं काय केलं?

पहिली गोष्ट म्हणजे त्याने परक्यांचा वाद घरात आणला. बर्लिनमध्ये आल्ब्रेश्ट वेबर नावाचे संस्कृतचे मोठे प्राध्यापक होते. रामायणातलं सीताहरण आणि लंकेवरची स्वारी ह्या कल्पनांवर होमरच्या हेलनच्या कथेची छाया आहे, असा त्यांचा सिद्धांत होता. मूळ निबंध जर्मनमध्ये. मुंबईत तो वाचू शकणारे किती असतील? बर्जेसने त्याचं इंग्रजी भाषांतर पहिल्याच वर्षी छापलं.

झालं! एल्फिन्स्टनमध्ये शिकलेला, जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा काशिनाथ त्र्यंबक तेलंग उठला आणि त्याने ह्या सिद्धांतावर मुद्देसूद उत्तर लिहिलं. १८७३ मध्ये ते पुस्तिकेच्या रूपात मुंबईत छापलं गेलं. भावना दुखावल्याचा सूर नाही. कुठला पुरावा कुठल्या काळातला, त्यातून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, हे एकेक करून मांडलेलं. हाच तेलंग पुढे मुंबई हायकोर्टाचा न्यायमूर्ती झाला. मॅक्स म्युलरने संपादित केलेल्या ऑक्सफर्डच्या ग्रंथमालेत १८८२ मध्ये भगवद्गीतेचं जे भाषांतर आलं, तेही त्याचंच.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण ते आपल्या धंद्यातलं वाटतं. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकवत होते. प्रश्न होता, पतंजलीने 'महाभाष्य' केव्हा लिहिलं? ग्रंथावर तारीख नाही. आता महाभाष्य हा व्याकरणाचा ग्रंथ, म्हणजे नियम आणि नियमाखाली उदाहरणं. भांडारकरांनी बोट ठेवलं ते उदाहरणांवर! सुरू झालेली पण न संपलेली क्रिया कशी सांगायची, ह्याचं उदाहरण देताना पतंजली पुष्यमित्रासाठी चाललेल्या यज्ञाबद्दल बोलतो. स्वतः पाहिली नाही पण पाहता आली असती अशी नुकतीच घडलेली प्रसिद्ध घटना कुठल्या काळात सांगायची, ह्याचं उदाहरण देताना यवनांनी साकेताला घातलेल्या वेढ्याबद्दल बोलतो. म्हणजे लिहिणारा पुष्यमित्र शुंगाच्या काळातला, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या मध्याचा.

जुन्या कोडवर तारीख नसते तेव्हा आपण काय करतो? टेस्ट डेटा बघतो. कुणीतरी नमुना म्हणून त्या दिवसाची तारीख टाकून ठेवलेली असते. भांडारकरांनी दोन हजार वर्षांपूर्वीच्या डॉक्युमेंटेशनवर हेच केलं!

(साकेताचा मुद्दा गोल्डस्टकर नावाच्या विद्वानाने आधी मांडला होता. पुष्यमित्राच्या उदाहरणाचा नेमका उपयोग भांडारकरांनी केला.)

हा लेख १८७२ च्या 'अँटिक्वरी'त आला. वेबरना तो पटला नाही, ते पतंजलीला बराच अलीकडे ओढत होते. त्यांचे आक्षेप आणि त्यावर भांडारकरांचं उत्तर हे सगळं पुढच्या वर्षी त्याच मासिकात. आज पतंजलीचा काळ म्हणून बहुतेक पुस्तकांत जे शतक दिलेलं असतं, ते भांडारकरांच्या बाजूचं आहे.

आता ह्या प्रसंगात 'आंतरराष्ट्रीय' नक्की काय आहे? बर्लिनचा प्राध्यापक मुंबईच्या मासिकात लिहितो हे? माझ्या मते ते दुय्यम. मुख्य गोष्ट अशी की, वेबरना हा वाद पुढे न्यायचा असेल तर मुंबईत काय छापून आलंय ते वाचल्यावाचून आणि त्याला उत्तर दिल्यावाचून गत्यंतर नव्हतं. माझी व्याख्या एवढीच. जगात कुठेही बसलेल्या माणसाला तुमच्या पानाला वळसा घालून पुढे जाता येत नसेल, तर तुमचं जर्नल आंतरराष्ट्रीय.

बर्जेसची दुसरी गोष्टही महत्त्वाची. 'अँटिक्वरी'त ताम्रपट आणि शिलालेख छापले जात तेव्हा नुसता त्यांचा अर्थ छापून भागवत नसत. अनेकदा मूळ लेखाची हुबेहूब प्रतिमा सोबत असे. जॉन फ्लीटने वाचलेले संस्कृत आणि जुन्या कानडीतले कितीतरी लेख असे आले. म्हणजे दूरच्या वाचकाला लेखकावर विश्वास ठेवायची सक्ती नाही. अक्षर समोर आहे, तूच वाच आणि चूक असेल तर सांग. आपण ज्याला ओपन डेटा म्हणतो तो हाच.

हे मी ताईला फोनवर उत्साहाने सांगितलं, तर ती म्हणाली, "अंबरनाथचं माहितीये ना तुला?" मला अंबरनाथ म्हणजे कर्जत लाइन एवढंच माहीत. मग तिने सांगितलं. तिथल्या शिवमंदिरातला शिलालेख डॉ. भाऊ दाजींनी वाचून मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये दिला, तेव्हा शक वर्ष ७८२ असं वाचलं गेलं. पुढे त्याच जर्नलमध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो पुन्हा वाचला आणि आकडा निघाला ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. एका आकड्याने देऊळ दोनशे वर्षांनी अलीकडे आलं. गंमत म्हणजे भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेले. गुरूची चूक शिष्याने दुरुस्त केली, तीही त्याच जर्नलात, आणि आभाळ काही कोसळलं नाही. आमच्याकडे कोड रिव्ह्यूमध्ये सीनियरच्या चुकीवर कॉमेंट टाकताना हात थरथरतात, ते आठवलं.

इथे तुमच्यापैकी कुणीतरी म्हणणारच, की मासिक साहेबाचं, भाषा साहेबाची, मग ह्यात 'आपलं' काय? बरोबर आहे. मालकी आणि सूत्रं युरोपियनांच्या हातात होती. १८८५ पासून फ्लीट आणि रिचर्ड टेंपल संपादक झाले, पुढे टेंपल तर १९३१ पर्यंत, आणि ते मासिक १९३३ पर्यंत चाललं. राज्यही त्यांचंच. मराठीत १८६७ पासून 'विविधज्ञानविस्तार' निघत होतं, त्यातलं लेखन बर्लिनपर्यंत पोचायला वाट नव्हती. हा अन्याय होताच.

पण पुढची पायरी आपल्या माणसांनी घेतली. १९१७ मध्ये पुण्यात भांडारकरांच्या नावाने संस्था उभी राहिली. १९१९ मध्ये तिथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं आणि त्याच सुमारास संस्थेचं जर्नल, 'अॅनल्स'. अशी आवृत्ती व्हावी ही मागणी १८९७ मध्ये पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत विंटरनिट्स ह्यांनी केली होती. युरोपातला प्रयत्न महायुद्धात बारगळला. पुण्यातला तडीस गेला, १९६६ मध्ये.

१९२५ मध्ये ह्या कामाची सूत्रं विष्णु सीताराम सुकथनकरांकडे आली. केंब्रिजला गणित, मग बर्लिनला संस्कृत, असा हा माणूस. (गणितवाला टेक्स्टच्या व्हर्जन्स जुळवतोय, म्हणजे पुन्हा आपल्याच धंद्यातला!) आवृत्तीचे पहिले भाग निघाल्यावर वाल्टर रुबेन ह्या जर्मन अभ्यासकाने 'आक्टा ओरिएंटालिया' ह्या युरोपातल्या जर्नलमध्ये तिच्या पद्धतीवर शंका घेतल्या. सुकथनकरांनी १९३० मध्ये उत्तर दिलं ते पुण्याच्या 'अॅनल्स'मध्ये. आपल्या घरच्या जर्नलमध्ये, आपल्या पोथ्यांच्या आधारावर. भृगुकुळाचा महाभारतावर कसा ठसा आहे, हा त्यांचा गाजलेला निबंधही १९३६ च्या सुमारास तिथलाच. महाभारतावर गंभीरपणे काम करणारा अभ्यासक, मग तो शिकागोचा असो की क्योटोचा, ह्या निबंधांना टाळून पुढे जाऊ शकत नाही. संपादक आपला, छपाई आपली, पुरावा आपला. साठ वर्षांत बर्जेसच्या भायखळ्यापासून आपण इथवर आलो होतो.

आणि भाषा? ती अडचण आहे, पण भिंत नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने १९१० पासून मराठीत कागद छापायचा सपाटा लावला. मराठ्यांच्या इतिहासावर काम करायचं तर मराठी शिकावंच लागतं, कारण माल इथे आहे. जपानच्या हिरोशी फुकाझावांनी छापील मराठी कागद वाचून मध्ययुगीन दख्खनवर जे निबंध लिहिले, त्यांचं पुस्तक ऑक्सफर्डने १९९१ मध्ये काढलं. माल अस्सल असेल आणि नीट मांडलेला असेल, तर माणूस भाषा शिकून येतो. पण किती जण येतील? थोडेच. म्हणून इंग्रजीत निदान सारांश तरी द्यावा, एवढा व्यवहार आपण पाळावा.

शेवटचा मुद्दा पोचण्याचा. लेख उत्तम, पुरावा उत्तम, पण अंक कपाटात बंद असेल तर? परळच्या के. ई. एम. हॉस्पिटल आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ पासून निघतं. २००० नंतरच्या काळात त्यांनी एक धाडस केलं. सगळे लेख वेबवर फुकट टाकले. वाचकाकडून पैसे नाहीत आणि लेखकाकडूनही नाहीत. तेव्हा बऱ्याच जणांना वाटत होतं, की फुकट दिलं तर छापील अंक कोण घेणार? घडलं वेगळंच. त्या जर्नलशी संबंधित डी. के. साहू, निथ्या गोगटे आणि संदीप बावडेकर ह्यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं, की वेबवर आल्यावर पूर्वी कुणी न विचारलेल्या जुन्या लेखांनाही जगभरातून उल्लेख मिळू लागले. लेख तेच, डॉक्टर तेच, फक्त कपाटाचं कुलूप काढलं. साहूंची मुंबईतली 'मेडनो' ही कंपनी २०११ मध्ये वोल्टर्स क्लुवर ह्या बड्या परदेशी प्रकाशकाने विकत घेतली.

इथे ताईच्या प्रकरणाशी तुलना करा. दोन्ही ठिकाणी वेबसाइट, दोन्ही ठिकाणी 'जगभर वाचा'. पण परळच्या जर्नलचा लेख इतर डॉक्टरांनी तपासलेला, आणि लेखकाच्या खिशाला हात नाही. ताईच्या जर्नलमध्ये तपासणी एका दिवसाची आणि नजर खिशावर.

थोडक्यात माझी यादी अशी. जगात चाललेला वाद आपल्या पानावर आणा. पुरावा असा ठेवा, की अनोळखी माणूस तो तपासू शकेल. आपल्याच माणसाची चूक दाखवणारा लेखही छापा. आणि वाचणाऱ्याच्या वाटेत कुलूप लावू नका. ह्यात कुठेही नाव बदलायची गरज नाही. १९४९ मध्ये सचिन चौधुरींनी मुंबईत 'इकॉनॉमिक वीकली' काढलं, १९६६ मध्ये त्याचं 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' झालं. 'इंटरनॅशनल' तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. तरी भारतावर काम करणारा परदेशी अर्थशास्त्रज्ञ ते उघडतोच.

हे सगळं टाइप करून ताईला पाठवलं. दोन दिवस उत्तर नाही. मग फोन आला.

"फी नाही भरली."

"आणि बढती?"

"ह्या वर्षी नाही होणार. माझ्या मागून आलेल्या एकीची झाली. तिचे तसलेच तीन पेपर आहेत."

मला काय बोलावं सुचेना. व्याख्या करणं सोपं असतं, तिची किंमत दुसरंच कुणीतरी मोजतं. ते मी ह्या लेखात लपवणार नाही.

पण पुढच्या रविवारी ताई पुन्हा आली, ह्या वेळी कॅमेरा घेऊन. पेपरात प्रत्येक वीरगळाचं वर्णन होतं, पण फोटो अर्ध्याच दगडांचे. "तुझा तो बर्जेस म्हणतो ना, वाचणाऱ्याला स्वतः बघता आलं पाहिजे." मग आम्ही दोघं बाइकवरून पाच गावं फिरलो. तिरप्या उन्हात फोटो काढले, प्रत्येक दगडाशेजारी मोजपट्टी ठेवली, जागेचे अक्षांश-रेखांश टिपले. एका आजोबांनी विचारलं, "ह्याचं काय करणार?" ताई म्हणाली, "लांबची माणसं बघतील, बाबा." आजोबांनी आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. आम्हाला वाटलं प्यायला. त्यांनी ते दगडावर ओतलं आणि पंच्याने पुसून काढला. फोटो चांगला यावा म्हणून!

पेपर आता पुन्हा लिहून एका जुन्या, कुठलंही भारदस्त नाव नसलेल्या जर्नलला गेलाय. सात महिने झाले. परवा तपासनिसाचं पहिलं पत्र आलं. चार पानं, सगळे आक्षेप. पाचव्या दगडावरची आकृती गायीची नसून घोड्याची असावी, असं त्याचं म्हणणं. ताई दिवसभर चिडचिडली, मग रात्री फोटो मोठा करून बघत बसली.

घोडाच आहे म्हणे.

असो. भेटू पुढच्या वीकांताला.